दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी घ्यायची का? इसार देण्याआधी हे बघून घ्या

सोयाबीनची पट्टी हातात पडली की नांदेड-लातूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गाड्यांचे फोटो सुरू होतात. '२०१४ डिझायर डिझेल, सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, एक रुपयाचं काम नाही, एव्हरेज २२, किंमत बसून बोलू.' किलोमीटर एकतर लिहिलेलेच नसतात, नाहीतर ६८ हजार लिहिलेले असतात. त्याच्याच खाली दुसरी तशीच गाडी असते. तिच्यावर सरळ लिहिलेलं असतं, २ लाख ५ हजार किलोमीटर. किंमत चाळीस-पन्नास हजारांनी कमी. बहुतेक लोक पहिल्या गाडीला फोन लावतात. दुसरीकडे कोणी बघत नाही.

खरं तर फोन दुसऱ्या गाडीला आधी लावायला पाहिजे. पण त्याच्याही आधी एक हिशोब घरी बसून करावा लागतो. तो म्हणजे, आपल्याला डिझेल गाडी लागते का?

आधी आपलं रनिंग मोजा

डिझेल गाडी घेणारा सांगतो, "डिझेल स्वस्त, एव्हरेज जास्त." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण पूर्वीइतक्या नाहीत. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले. त्याआधी पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक पडायचा, म्हणून तेव्हा जो तो डिझेल घेत होता. आता तो फरक साधारण निम्म्यावर आला आहे.

समजा पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये लिटर धरलं. डिझेल गाडी लिटरला २० किलोमीटर देते, तशीच पेट्रोल गाडी १६ देते. म्हणजे डिझेलला किलोमीटरमागे ४ रुपये ६० पैसे आणि पेट्रोलला ६ रुपये ५६ पैसे. फरक जवळपास दोन रुपयांचा.

आता लोहा तालुक्यातला एक शेतकरी धरू. महिन्यातून दोनदा नांदेडला जाणं-येणं, ते दीडशेच्या आत. पोरगा लातूरला क्लासला आहे, त्याला भेटायला महिन्यातून एक चक्कर, जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आसपास. लग्नकार्य, सोयरेधायरे, बाजार मिळून आणखी शंभर. महिन्याला साडेचारशे, वर्षाला साडेपाच हजार किलोमीटर झाले. डिझेलमुळे त्याचे वर्षाला अकरा हजार रुपयेही वाचत नाहीत. जुन्या डिझेल गाडीचे दोन नोझल बदलायची वेळ आली तर दोन वर्षांची बचत एका दुपारी गॅरेजमध्ये संपते.

तेच एखाद्याचं दूध संकलनाचं काम आहे, खताची एजन्सी आहे, किंवा ठेकेदारी आहे आणि रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरावं लागतं. त्याचं वर्षाचं रनिंग अठरा हजारांच्या पुढे जातं. त्याचे पस्तीस हजार वाचतात. त्याने जुनी डिझेल गाडी बघायला हरकत नाही.

महिन्याला हजार किलोमीटरच्या खाली रनिंग असेल तर पेट्रोल गाडी घ्यावी, हा सोपा ठोकताळा. गावात चार लोकांनी डिझेल घेतली म्हणून आपणही घ्यायची, हा हिशोब नव्हे.

मीटरवर ६८ हजार, मग गाडी कुठे उभी होती?

दहा-अकरा वर्षांपूर्वी ज्याने नवी डिझेल गाडी घेतली, त्याने तेव्हा पेट्रोलपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजले. वर महाराष्ट्रात डिझेल गाडीचा एकरकमी कर पेट्रोल गाडीपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त, तोही भरला. एवढा पैसा त्याने का घातला? गाडी पळवायची होती म्हणून. अशा माणसाची गाडी अकरा वर्षांत ६८ हजारच चालली असेल, तर वर्षाला सहा हजार झाले. असं होऊ शकतं, पण क्वचित. दोन लाख म्हणजे वर्षाला अठरा हजार. डिझेल गाडीला हे अगदी सरळ रनिंग आहे.

मीटर मागे करणं आता फार सोपं झालंय. पूर्वी मीटर खोलून चकत्या फिरवाव्या लागायच्या. आता लॅपटॉप जोडला की काही मिनिटांचं काम. म्हणून मीटरच्या आकड्याला एकट्याला किंमत नाही, त्याला जोड पुरावा पाहिजे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी जात असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. मालकाला ती हिस्ट्री काढून आणायला सांगावं. तो टाळाटाळ करत असेल तर समजून घ्यावं. स्कॅनर असलेला मिस्त्री गाडीच्या कॉम्प्युटरमधूनही काही गाड्यांचे किलोमीटर काढतो. मीटर बदललेला असला तरी दुसरीकडचा आकडा तसाच राहून गेलेला सापडतो.

बाकी डोळ्याने दिसतं. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टेअरिंगचं कातडं चमकतंय का, ड्रायव्हरच्या सीटची कड खचलीय का. पेडलचे रबर नवेकोरे आणि सीटकव्हर परवा घातलेलं असेल तर जास्तच नीट बघावं. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर ३० हजार दाखवतोय आणि टायरचा दुसरा-तिसरा सेट चालू आहे, तर प्रश्न विचारायलाच पाहिजे. टायर जुने होऊनही बदलतात, त्यामुळे एवढ्यावरून कोणाला चोर ठरवू नये. पण असे दोन-तीन पुरावे एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की गाडी सोडून द्यावी.

मीटर मागे करून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा होऊ शकतो. पण मीटर नेमका कोणी फिरवला हे सिद्ध करताना दमछाक होते. गाडी तोवर तीन हातांतून गेलेली असते.

आणखी एक प्रकार म्हणजे टॅक्सी पासिंगच्या गाड्या. पुणे-हैदराबादला कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ने-आण करणाऱ्या गाड्या दिवस-रात्र पळतात. काही वर्षांनी त्या खासगी पासिंग करून पांढऱ्या पाटीवर विकल्या जातात. हे कायदेशीर आहे, पण विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे. ट्रायल घेताना गाडी ८० च्या वर जायलाच तयार नसेल तर तिच्यात प्रवासी गाडीचा स्पीड गव्हर्नर अजून बसलेला असू शकतो. नंबर प्लेटच्या मागे पिवळ्या रंगाचा माग दिसला तरी तीच गोष्ट.

किलोमीटरपेक्षा ते कसे झाले हे महत्त्वाचं

डिझेल इंजिन नीट ठेवलं तर दोन लाखांना मरत नाही. तीन लाख पार केलेल्या बोलेरो आणि इनोव्हा आपल्याकडच्या रस्त्यावर रोज दिसतात. इंजिनला मारते ती थंडीतली दोन-दोन किलोमीटरची पळापळ, वेळेवर न बदललेलं ऑईल आणि घाण डिझेल. हायवेवर सरळ चाललेल्या दोन लाखवाल्या गाडीचा क्लच, गिअर, ब्रेक कमी झिजतो. शेताच्या बांधावरून, खडीच्या रस्त्यावरून ऊसतोडीच्या टोळीमागे फिरलेली नव्वद हजारांची गाडी आतून त्याहून जास्त थकलेली असू शकते. म्हणून मालकाला किती चालली एवढंच न विचारता, कुठे चालली आणि काय काम करत होती, हे विचारावं.

घाण डिझेलचा मुद्दा गावाकडे खास आहे. ट्रॅक्टरसाठी कॅनमध्ये आणलेलं डिझेल अडीअडचणीला गाडीत ओतलं जातं. कॅनच्या तळाला माती असते, पाणी असतं. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन ते सहन करतं. कॉमन रेल इंजिनच्या गाडीचे नोझल नाही करत. त्यांची छिद्रं अतिशय बारीक असतात.

गाडी बघायला सकाळी जावं आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगावं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवावा. गरम लागलं तर "मामा, थोडी गरम करून ठेवली" असं उत्तर येतं. ते उत्तर ऐकून चहा घ्यावा आणि तीन तासांनी परत यावं. थंड इंजिनच खरं बोलतं. सेल्फ मारल्यावर एक-दोन फेऱ्यांत चालू झालं पाहिजे. थंडीत सुरुवातीला जरासा पांढरा धूर आला तर काळजी नाही. पण पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खातंय. रेस केल्यावर काळ्या धुराचा लोट निघत असेल तर नोझल, टर्बो किंवा हवेच्या वाटेत खराबी आहे.

इंजिन चालू असताना ऑईल टाकायचं झाकण हळूच सैल करावं. थोडी वाफ येणारच. पण भकाभका धूर बाहेर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत आणि पुढे इंजिन खोलायचं काम आहे. डिझेल गाडीचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, त्याला घाबरू नये. ते चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र ऑईलमध्ये पाणी मिसळतंय. रेडिएटरचं झाकण फक्त थंड इंजिनवर उघडावं. गरम असताना उघडलं तर हात आणि तोंड भाजतं.

क्लच बघायची जुनी पद्धत आजही चालते. गाडी सपाट जागेवर मोकळ्यात उभी करून हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि क्लच सोडायचा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. घुरघुरत चालूच राहिलं तर क्लच प्लेट संपली. टर्बोसाठी चढाचा रस्ता शोधावा. घरातली चार माणसं बसवून तिसऱ्या गिअरमध्ये कमी स्पीडवरून दाबावं. टर्बो चांगला असेल तर गाडी अंगाला झटका देऊन ओढते. नुसती शिट्टी वाजतेय आणि ओढ नाही, तर खर्च समोर आहे.

मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याचा नको. त्याला पाचशे-हजार रुपये आधीच ठरवून द्यावेत. फुकट आलेला मिस्त्री काही वेळा दुसऱ्या बाजूने कमिशन घेऊन आलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात गावं पाण्याने वेढली गेली. त्यानंतर सप्टेंबरमध्येही मराठवाड्यात पाण्याने थैमान घातलं. पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतातच, त्यामुळे पुढची काही वर्षं ही तपासणी सोडू नये. मॅट उचलून खाली गाळ आहे का बघावं, सीटच्या लोखंडी पट्ट्यांना गंज आहे का बघावं, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. बेल्टचा शेवटचा भाग कोणी धूत नाही, त्यावर पाण्याची रेघ राहते. हेडलाइटच्या आत ओल असेल तर गाडीच्या वायरिंगवर भरवसा ठेवू नये.

कोणती गाडी, कोणतं इंजिन

मारुतीच्या स्विफ्ट, डिझायर, रिट्झ आणि जुन्या अर्टिगात जे १.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं, ते मूळचं फियाटचं. टाटाच्या इंडिका व्हिस्टा, मांझा आणि खुद्द फियाटच्या पुंटो, लिनियातही त्याच जातीचं इंजिन बसवलेलं होतं. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या मिस्त्रीलाही ते पाठ आहे आणि त्याचे पार्ट मिळतात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जुन्या गाड्यांना अजून अडचण नाही.

इंजिन सारखं असलं म्हणून गाडी सारखी होत नाही. पुंटो-लिनिया दणकट आहेत आणि स्वस्तात मिळतात, पण दरवाजा, बंपर, हेडलाइट लागला तर शोधत फिरावं लागतं. शेवरलेने २०१७ च्या शेवटी भारतात विक्री बंद केली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. या गाड्या स्वस्त दिसतात त्याचं एक कारण हे आहे. पुण्यात राहणाऱ्याला पार्ट एका दिवसात मिळेल. किनवट किंवा देवणीला गाडी पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहील.

टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे आवर्जून विचारावं. २.५ लिटरच्या जुन्या इनोव्हात आणि डस्टरच्या १.५ लिटर डिझेलमध्ये बेल्ट असतो. तो कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनचं मोठं काम निघतं. मीटर मागे केल्याचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. नवा मालक मीटर बघून म्हणतो अजून वेळ आहे, आणि बेल्ट आतून संपलेला असतो. बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायचे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्याही आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळाली तर ती काजळी जळून जाते. गावातल्या गावात फिरली तर जाळी तुंबते आणि मीटरवर लाइट लागते. जाळी बदलायची म्हटलं तर खर्च फार मोठा असतो. काही जण ती कापून काढून टाकतात. अशी गाडी घेऊ नये. धुराच्या तपासणीत ती कधी ना कधी अडकणार आहे.

बॉन्डवर गाडी घेऊ नका

गाडी चांगली निघाली आणि कागद वाईट निघाला तर गाडी जाते, पैसेही जातात. आपल्याकडे अजूनही अनेक व्यवहार शंभर-पाचशेच्या बॉन्डवर होतात. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, चावी हातात, झालं. पण बॉन्ड लिहिला म्हणून आरटीओच्या दप्तरी मालक बदलत नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक.

याचा फटका विकणाऱ्यालाही बसतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केलं, की गाडी पुढे कितीही जणांना विकलेली असली तरी अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच कायद्याने मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. त्यामुळे आपली जुनी गाडी एजंटाला बॉन्डवर देऊन विसरून जाणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावं. गाडी दोन वर्षांनी कुठेतरी अपघातात सापडली तर नोटीस आपल्या घरी येते. १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडे अधिकृत नोंद असलेल्या डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी भरून तशी ऑनलाइन सूचना देण्याची सोय झाली आहे. एजंट अधिकृत आहे का, हे त्यामुळे विचारलं पाहिजे.

राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. लागतात ते फॉर्म २९ आणि ३०, ज्याला लोक टीटी फॉर्म म्हणतात. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. बोजा उतरल्याशिवाय नाव बदलत नाही. "हप्ते संपत आलेत, राहिलेले तुम्ही भरा, मग नावावर करून देतो" ही बोली मान्य केली तर हप्ते आपण भरतो आणि गाडी दुसऱ्याची राहते. मूळ मालकाने मध्येच दुसरं कर्ज थकवलं किंवा तो वारला, तर भांडायला जागा राहत नाही.

मोबाइल हातात आहे तर दहा मिनिटं घालवावीत. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला की गाडी कितव्या मालकाकडे आहे, बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, हे दिसतं. 'सिंगल हँड' म्हणून जाहिरात केलेली गाडी चौथ्या मालकाकडे निघते, ती इथेच. ई-चलान किती थकलंय तेही वाहतूक पोलिसांच्या साइटवर बघावं. उंच सुरक्षा क्रमांक पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली आहे का हेही बघावं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नंतर बसवून घ्यावी लागते आणि नसेल तर आरटीओत नाव बदलण्याचं काम अडतं. चासी नंबर आरसीशी स्वतः अक्षर-अक्षर ताडून बघावा. तिथे घासल्याची, वेल्डिंगची खूण दिसली तर चर्चा तिथेच थांबवावी.

बाहेरच्या पासिंगची गाडी

एमएच-२६ नांदेडची, एमएच-२४ लातूरची. पण देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, निलंगा या पट्ट्यात तेलंगण आणि कर्नाटक पासिंगच्या गाड्या घराघरात दिसतात, सोयरीक आणि व्यापार दोन्ही सीमेपलीकडे असल्यामुळे. आता दिल्लीच्या गाड्यांचीही भर पडली आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना आधी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि नंतर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. तेव्हापासून तिथल्या डिझेल गाड्या पडत्या किमतीत इतर राज्यांत जाऊ लागल्या.

दिल्लीची गाडी महाराष्ट्रात चालवणं बेकायदा नाही. पण किंमत ऐकून उडी मारण्याआधी बाकीचा खर्च जोडावा. तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मूळ स्वरूपात मिळाली पाहिजे. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. एजंटाची फी, जाण्या-येण्याचा खर्च आणि नवी पाटी धरली की स्वस्त वाटलेली गाडी नांदेडच्याच गाडीच्या किमतीला येऊन टेकते. वर तिचा जुना मालक दीड हजार किलोमीटर लांब, भांडायला कोणाकडे जाणार?

महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीला दहा वर्षांची अट नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. २०२२ च्या एप्रिलपासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५ हजार रुपये झाली, शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणून २०११-१२ ची गाडी घेताना तिची आरसी किती महिने उरलीय ते बघावं. वर्षभरात नूतनीकरण येणार असेल तर तो खर्च आणि त्यासाठी करावं लागणारं काम किमतीत धरावं.

भाव कसा करायचा

सध्या भाव पाडायला एक चांगलं कारण घेणाऱ्याच्या हातात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान कारवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. नवी उतरली की जुनीही उतरायला पाहिजे. जाहिरातीत अजून जुनाच भाव सांगत असतील तर शोरूमचा नवा दर काढून समोर ठेवावा.

जवळ तीन लाख असतील तर तीन लाखांची गाडी घेऊ नये. अडीचची घ्यावी. घेतल्यावर पहिल्याच महिन्यात इंजिन ऑईल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑईल बदलायचं असतं. बॅटरी, टायर किंवा शॉकअपचं काहीतरी निघतंच. कर्ज काढून घेणार असाल तर जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं, आणि खासगी फायनान्सचं त्याहून जास्त. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षीही तो हप्ता भरावा लागणार आहे, हे घरात बसून बोलून घ्यावं.

इसार द्यायचाच तर पाच-दहा हजारांच्या वर देऊ नये. गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, 'बोजा उतरवून आणि चलान भरून नावावर करून देणे' अशी अट आणि तारीख कागदावर घ्यावी. मोठी रक्कम बँकेतून द्यावी, रोख नको. वीस-पंचवीस हजार रुपये आरसीवर आपलं नाव येईपर्यंत मागे ठेवावेत. खरा विकणारा याला कुरकुर करील, पण तयार होईल.

विमा नावावर करायला १४ दिवसांची मुदत असते. तो केला नाही आणि गाडी ठोकली गेली, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे विम्याचा हप्ता थोडा वाढलेला दिसेल. फास्टॅगही त्याला बंद करायला लावावा आणि आपल्या नावाचा नवा घ्यावा. नाहीतर टोलवर पैसे त्याच्या खात्यातून कटत राहतात आणि महिन्याभराने त्याचा फोन येतो.